दाराला कुलूप नसतं तेव्हा

मी इंग्लंडमध्ये दुभाष्याचं काम करतो. मराठी-हिंदी बोलणारी माणसं वकिलाकडे, डॉक्टरकडे, सल्ला केंद्रात येतात आणि मी मधे बसून इकडचं तिकडे पोचवतो. मागे एकदा बीडकडची एक मुलगी आली होती (ओळख पटेल असे तपशील बदललेत). म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं न्हाणं-खाणं बघणाऱ्या एका कंपनीत ती केअरर होती. गावाकडची जमीन गहाण टाकून, एजंटाला सोळा लाख मोजून तिने 'सीओएस' मिळवलं होतं, म्हणजे कंपनीचं ते प्रमाणपत्र ज्याच्याशिवाय व्हिसाच नाही. खोली कंपनीची, गाडी कंपनीची, दोन्हींचे पैसे पगारातून कापून. पाळ्या रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर यायच्या. कुणी चकार शब्द काढला की पुढच्या आठवड्यात त्याच्या पाळ्या निम्म्या. वकीलबाईंच्या हातात छापील फॉर्म होता. त्यातला एक प्रश्न मी तिला मराठीत विचारला: ही नोकरी सोडून तुला जाता येतं का? ती म्हणाली, "जाता येतं की. दाराला कुलूप थोडंच हाय? पण जाऊन जावं कुठं?"

मी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. फॉर्मवर 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. वकीलबाई पेन धरून जरा थांबल्या आणि मग त्यांनी 'हो'वर खूण केली. ती खूण माझ्या डोक्यातून जात नाही, आणि सध्या इथे चाललेला एक वाद ऐकताना तर हटकून आठवते.

वाद असा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 29 डिसेंबर 2015 पासून 'कोअर्सिव्ह कंट्रोल' हा फौजदारी गुन्हा आहे. 2015 च्या सीरियस क्राइम अॅक्टचं कलम 76. माणसाला मुठीत ठेवणं, त्याचे पैसे, फोन, मित्र, झोप, कपडे यांचा ताबा घेत त्याला कायम धाकात जगायला लावणं, यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद. मारहाण झालेलीच असली पाहिजे असं नाही. मात्र अट अशी की दोघांचं नातं जोडीदाराचं किंवा कुटुंबातलं हवं. नवरा, बायको, प्रियकर, सासू चालते. गुरू, मालक, मठाधिपती, प्रशिक्षक चालत नाही. बंदिस्त पंथांमधून बाहेर पडलेली माणसं, त्यांचे आईवडील आणि काही अभ्यासक बरीच वर्षं सांगताहेत की ही अट काढा, संस्था-संघटनांनाही हा कायदा लावा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या संसदेने अशा गटांच्या भरतीच्या पद्धतींची आणि परिणामांची चौकशी 2025 मध्ये सुरूही केली.

विषय गंभीर आहे, वाद मात्र फार वाईट चालला आहे. एक बाजू 'कल्ट' आणि 'ब्रेनवॉशिंग' हे दोन शब्द उच्चारते आणि सगळं सिद्ध झालं असं धरून चालते. दुसरी बाजू 'धर्मस्वातंत्र्य' म्हणते आणि उद्या मठ, छावण्या, वसतिगृहं सगळ्यांवर धाडी पडतील अशी भीती घालते. दोघांचं भांडण एकाच प्रश्नावर आहे, कोणती संस्था वाईट? आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. माझं म्हणणं असं की हा कायदा संस्थांपर्यंत न्यायलाच हवा, पण नेताना संस्थेची श्रद्धा काय, तत्त्वज्ञान काय, याकडे कोर्टाने साफ पाठ फिरवायला हवी. बघायचं ते इतकंच, की माणसाला धाकात ठेवण्यासाठी नेमकं काय काय केलं, आणि बाहेर पडायची किंमत किती लावली.

मुळात 'कायद्याचा विस्तार' हा शब्दप्रयोगच मला खटकतो. जणू ही कल्पना घरात जन्मली आणि आता तिला ओढूनताणून बाहेर नेताहेत. इतिहास उलटा आहे. कोरियन युद्धात चिनी छावण्यांत अडकलेल्या अमेरिकी वैमानिकांनी खोटे कबुलीजबाब का दिले, हे समाजशास्त्रज्ञ आल्बर्ट बिडरमन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी अभ्यासलं. 1957 साली त्यांनी जो तक्ता मांडला त्यात आठ गोष्टी होत्या: एकटं पाडणं, मन दुसरीकडे वळूच न देणं, शरीर थकवणं, धमक्या, अधूनमधून एखादी मेहेरबानी, आपल्या हाती सगळं आहे हे दाखवत राहणं, मानहानी, आणि बारीकसारीक नियम पाळायला लावणं. मारहाणीला त्यात वेगळा रकानाच नाही. पुढे छळ सोसणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्यांच्या हाती हा तक्ता लागला तेव्हा त्यांना तो ओळखीचा वाटला. छावणीतलं सगळं स्वयंपाकघरात होतं. इव्हान स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने त्या अनुभवाला जी मांडणी दिली तिच्यावर आजचे कायदे उभे आहेत. थोडक्यात, घर हे या कल्पनेचं सासर आहे. माहेर छावणीत, म्हणजे संस्थेत.

मग कायदा घरापुरताच का झाला? त्याला सबळ कारण होतं आणि ते मान्यच करायला हवं. 'नवराबायकोचं भांडण, आपण कशाला पडा' असं म्हणून पोलिस शतकानुशतकं परत जात होते. ते दार आधी उघडायचं होतं. बायकांच्या संघटनांना आज धास्ती वाटते की यात कंपन्या-पंथ घुसले तर घरातल्या बाईची केस मागे पडेल. धास्ती खरी आहे. उपायही सोपा आहे: कलम 76 ला हात न लावता संस्थांसाठी वेगळं कलम करा. यावर याहून जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

'सध्याचे कायदे पुरेसे आहेत' या दाव्याकडे मात्र नीट बघू या. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये केरळात जन्मलेल्या अरविंदन बालकृष्णन याने 1970 च्या दशकात एक माओवादी कम्यून, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कार्यकर्त्यांचं घर, काढलं. लोक गळत गळत शेवटी मूठभर बायका उरल्या. 'जॅकी' नावाचं एक अदृश्य यंत्र आहे, ते आपलं मन वाचतं, आज्ञा मोडली तर भूकंप घडवतं, असं तो त्यांना सांगत असे. त्याची स्वतःची मुलगी त्या घरात जन्मली आणि तीस वर्षांची होईपर्यंत त्याच्याच ताब्यात राहिली. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये तीन बायका निघाल्या आणि जग हादरलं. डिसेंबर 2015 मध्ये तो दोषी ठरला, 2016 च्या जानेवारीत 23 वर्षांची शिक्षा झाली, 2022 मध्ये तुरुंगातच मेला. म्हणजे कायद्याने काम केलं? हो, कारण बलात्कार होते, मारहाण होती, मुलीला डांबून ठेवलं होतं. समजा, तो जरा हुशार असता, कुणाच्या अंगाला हातही लावला नसता, फक्त 'जॅकी'च्या धाकात त्या बायकांची तीच तीस-चाळीस वर्षं संपवली असती, तर आरोपपत्रात काय लिहिलं असतं? योगायोग बघा, तो दोषी ठरला त्याच महिन्यात कलम 76 लागू झालं. पण कम्यूनमधल्या बाकीच्या बायका त्याच्या कोण लागत होत्या? कॉम्रेड. कॉम्रेड हे नातं त्या कलमात नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परदेशी कौतुक वाटू नये, कारण या प्रश्नाशी आपली ओळख इंग्रजांपेक्षा जुनी आहे. आपण त्याला ग्रामण्य म्हणायचो, वाळीत टाकणं म्हणायचो. 1890 साली पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालं आणि शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. सरकारी न्यायखात्यातला एवढा मोठा माणूस, पगार सरकारचा, घर स्वतःचं. त्यांना कुणी डांबलं होतं? पण पाशाची कळ कुठे असते ते त्याहून स्पष्ट दिसतं मुरूडच्या ठरावात. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडकरांनी बहिष्कार नुसता कर्व्यांवर टाकला नाही. कर्वे घरी आले आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार, असं ठरवलं. कर्वे पुण्यात प्राध्यापक होते, गावाचं त्यांना काय अडणार होतं? गावाने ते बरोबर ओळखलं आणि आईभावांना ओलीस धरलं. एकटा नवरा बायकोला छळतो तेव्हा त्याच्या हाती त्याचे दोन हात आणि फार तर त्याचं कुटुंब असतं. संघटनेच्या हाती तुझी आई, तुझी बहीण, तुझा न्हावी, तुझा किराणावाला आणि तुझं स्मशान असतं. धाक घालायची ताकद जिच्याकडे शंभरपट, तिला कायद्याने सूट आणि एकट्या माणसाला शिक्षा, याला कोणतं तर्कशास्त्र म्हणायचं?

या प्रश्नावर महाराष्ट्राने उत्तर शोधलं, आणि त्याचं श्रेय आपण पुरेसं घेत नाही. मुंबई प्रांताने 1949 मध्येच जातबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द केला: धर्माच्या कारणावरून कुणाला बाहेर काढणं ही पंथाची अंतर्गत बाब. तो एकटा विरोधी आवाज सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांचा होता. त्यांनी श्रद्धेवर भाष्यच केलं नाही, बहिष्कृत माणसाचं काय होतं ते पाहिलं: तो आपल्याच लोकांत अस्पृश्य होतो. साठ वर्षांनी, 2023 मध्ये, घटनापीठाने हा निकाल पुन्हा तपासायला नऊ न्यायाधीशांकडे पाठवला. मधल्या काळात नाशकात घडलेल्या एका खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 मध्ये जातपंचायतींविरुद्ध मूठमाती अभियान उघडलं, त्याच वर्षी 20 ऑगस्टला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि तरीही अभियान थांबलं नाही. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2017 च्या जुलैत तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

त्या कायद्याचा मसुदा मी इथल्या वकिलांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना जे जमेनासं वाटतं ते त्यात करून दाखवलंय. जात म्हणजे काय, श्रद्धा खरी की खोटी, पंचांचा अधिकार परंपरेने आला की नाही, यात तो शिरतच नाही. तो कृती मोजतो. लग्नाला किंवा अंत्यविधीला आडकाठी, रोटीबेटीचे आणि धंद्याचे व्यवहार तोडणं, समाजाचं सभागृह, दवाखाना, स्मशानभूमी वापरू न देणं, अमुकच कपडे घाल अशी सक्ती. ही यादी वाचताना बिडरमनचा तक्ता आठवतो, फक्त कोकणातल्या गावकीच्या भाषेत. त्याची उणीवही सांगायला हवी. गुन्हा जामीनपात्र आहे, तडजोडीला वाव आहे, आणि गावात तडजोड म्हणजे काय असते ते सांगायला नको. त्याहून मोठी उणीव म्हणजे हा कायदा जात आणि धर्मसमुदायापाशी थांबतो. नर्सिंगच्या मुलींची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवून 'बाँड संपल्यावर घेऊन जा' म्हणणारं इस्पितळ त्यात बसत नाही. आश्रम बसेलच असं नाही. मुकादम तर नाहीच.

मुकादमाचं नाव मी उगाच काढलं नाही. ती मुलगी बोलता बोलता म्हणाली होती, "काका, हे उचल घेतल्यासारखं झालंय. फिटतच नाही." बीडमध्ये वाढलेल्या माणसाला याहून अचूक शब्द सापडणार नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं. आजारपणात एक दिवस गेला की खाडा पडतो, तो हिशेबात चढतो आणि हंगाम संपला तरी अंगावर बाकी राहते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा 1976 पासून पुस्तकात आहे. इंग्लंडमध्ये 2015 पासून आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा आहे. दोन्हींची अडचण सारखीच. ते गुलामाला शोधतात. पूर्ण गुलाम आणि पूर्ण मोकळा यांच्या मधे जो प्रचंड मोठा पट्टा आहे, जिथे माणूस सकाळी उठून कामाला जातो, मोबाईलवर हसून बोलतो, सणाला फोटो पाठवतो आणि तरी निघू शकत नाही, त्या पट्ट्यासाठी त्यांच्याकडे शब्द नाही. कलम 76 ने घरातल्या या पट्ट्याला शब्द दिला. मग बाहेरच्या पट्ट्याने काय पाप केलंय?

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. हा कायदा उद्या सरकारच्या हातात पडेल आणि सरकार तो ज्यांच्यावर आधीच डोळा आहे त्यांच्यावर वापरेल. नावडता धर्म, नावडती चळवळ, नावडती कामगार संघटना. हे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्याकडे याचे नमुने आहेत. उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी कायद्यात 'प्रलोभन' इतकं सैल आहे की त्यात काहीही बसावं, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचं. 2017 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चोवीस वर्षांच्या एका सज्ञान बाईचं लग्न रद्दबातल ठरवून तिला आईवडिलांच्या ताब्यात दिलं, कारण तिचं मन दुसऱ्या कुणी तरी भारलंय असं कोर्टाला वाटलं. ती सांगत होती की निर्णय माझा आहे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला आईवडिलांच्या ताब्यातून मोकळं करेपर्यंत, 'तिला कुणाच्या तरी कह्यातून सोडवण्याच्या' नावाखाली तिला खरोखर कह्यात ठेवलं होतं; लग्न परत मान्य झालं ते 2018 च्या मार्चमध्ये. अमेरिकेत 1970-80 च्या दशकांत आईबाप सज्ञान मुलांना पंथांतून पळवून आणून कोंडायचे, त्याला 'डीप्रोग्रॅमिंग' असं गोंडस नाव होतं. फ्रान्सच्या संसदीय समितीने 1995 च्या सुमारास 173 'पंथां'ची यादीच छापली; दहा वर्षांत, 2005 मध्ये, तिथल्या पंतप्रधानांना परिपत्रक काढावं लागलं की या याद्या वापरू नका.

पण या चारही गोष्टींत चूक काय होती ते नीट बघा. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दुसऱ्याच्या मनात डोकावून ठरवत होतं की हे मन मोकळं नाही, किंवा संस्थेच्या कपाळावर शिक्का मारत होतं. कृती कुणीच तपासली नाही. केरळच्या त्या बाईला कुणी एकटं पाडलं, तिचा फोन कुणी काढून घेतला, बाहेर पडू नको म्हणून कुणी पहारा बसवला? उत्तर गैरसोयीचं आहे: ज्यांच्या ताब्यात तिला 'सोडवून' दिलं त्यांनी. कृतीवर बेतलेला कायदा असता तर त्या प्रकरणात आरोपी बदलला असता. म्हणून मला वाटतं की गैरवापराची भीती हा या कायद्याविरुद्धचा युक्तिवाद नाही, तो 'ब्रेनवॉशिंग' या शब्दाविरुद्धचा युक्तिवाद आहे, आणि त्यात मी विरोधकांच्या बाजूने आहे. तो शब्द मसुद्यात येताच कामा नये. तक्रार ज्याच्यावर बेतलं त्याची, पुराव्याचा भार सरकारचा, श्रद्धा किंवा शिकवण पुरावा म्हणून अमान्य, आणि कोणतीही यादी नाही. यातलं एकही कलम गाळलं तर मीच या मोहिमेच्या विरोधात उभा राहीन.

'सज्ञान माणसाने स्वतःहून पत्करलंय' हा दुसरा मुद्दा. पत्करलं असेल. लग्नही माणूस स्वतःहूनच पत्करतो. आत येताना दिलेला होकार बाहेर पडायच्या दिवशी कसा लागू होतो? आणि शिस्तीचं म्हणाल तर सैनिकाला पहाटे चारला उठवतात, निवासी डॉक्टर छत्तीस तास उभा असतो, जैन साध्वी केशलोच करते. यातलं काहीच धाकाचं नियंत्रण ठरू नये, आणि ठरणारही नाही, जोवर बाहेर पडणाऱ्याला बाहेरची माणसं भेटू शकतात, वरच्याविरुद्ध तक्रार करायला बाहेर कुणी आहे आणि निघून गेल्यावर त्याच्या आईचं जेवणाचं ताट हिसकावलं जात नाही. व्रत कितीही कडक असू दे, मोडणाऱ्याला दंड देव देतो की कार्यकारिणी, इथे सगळा फरक आहे.

शब्द सैल आहेत, कोर्टात टिकणार नाहीत, या आक्षेपाला उत्तर द्यायला फ्रान्सचीच दुसरी गोष्ट सांगतो, पंथांशी काडीचाही संबंध नसलेली. फ्रान्स टेलिकॉम ही एकेकाळची सरकारी दूरसंचार कंपनी. 2006 नंतर बावीस हजार माणसं कमी करायची होती, पण बहुतेकांना सरकारी नोकराचा दर्जा असल्याने काढता येत नव्हतं. साहेब दिदिए लोंबार व्यवस्थापकांना म्हणाले की लोक बाहेर पडतील, खिडकीतून किंवा दारातून. मग बदल्यांवर बदल्या, पन्नाशीतल्या तंत्रज्ञाला कॉल सेंटरला बसवणं, काही दिवस खुर्ची देऊन कामच न देणं. खटल्यात 39 जणांची प्रकरणं पुढे आली. त्यात 19 आत्महत्या होत्या. 2019 च्या डिसेंबरमध्ये कंपनी आणि तिचे वरिष्ठ 'नैतिक छळा'साठी दोषी ठरले, आणि 2025 च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'संस्थात्मक छळ' ही कल्पना पक्की केली. छळ कुणा एका खडूस साहेबाने एका कारकुनाचा केला नव्हता; धोरणच छळाचं होतं आणि ज्यांनी ते आखलं त्यांनी पीडितांना कधी पाहिलंही नव्हतं. फ्रान्स टेलिकॉम हा पंथ आहे का, असं कोर्टाने एकदाही विचारलं नाही. इथे माझी बाहेर पडायच्या किमतीची कसोटी लंगडी पडते हेही कबूल करतो: त्यांना कुणी अडवत नव्हतं, ढकलत होते. म्हणूनच कृती आधी, किंमत नंतर.

आणि पुरावा? माझ्या अनुभवात इथे संस्था घरापेक्षा बऱ्या. घरात चार भिंती आणि दोघांचे दोन जबाब. संस्था कागदाशिवाय श्वास घेत नाही. परिपत्रक, इतिवृत्त, पाळ्यांचा तक्ता, दंडाची वही, व्हॉट्सअॅपचा गट. जपानने 2022 च्या डिसेंबरमध्ये, माजी पंतप्रधान आबे यांच्या खुनानंतर, देणग्या उकळण्याविरुद्ध जो कायदा केला त्यात धर्म हा शब्द केंद्रस्थानी नाहीच; कोणत्याही संस्थेने माणसाला जागेवरून उठू न देणं, सल्ल्यासाठी फोन करण्यापासून रोखणं, अदृश्य शक्तीची भीती घालून पैसे मागणं, अशा कृती एकेक करून लिहिल्यात. जबाबदारी कुणाच्या गळ्यात घालायची याचा साचाही ब्रिटनकडे तयार आहे. 2010 च्या लाचलुचपत कायद्याच्या सातव्या कलमानुसार कंपनीसाठी कुणी लाच दिली तर कंपनी दोषी, जोवर ती रोखायची पुरेशी व्यवस्था केली होती हे ती दाखवत नाही. लाच रोखायला जी सक्ती चालते ती धाक रोखायला का चालू नये?

खरी अडचण मला वेगळीच दिसते आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजू गप्प आहेत. संस्थेच्या धाकामागे पुष्कळदा सरकारच उभं असतं. आयर्लंडमध्ये कॅथलिक नन्स चालवत त्या मॅग्डलीन धोबीखान्यांत 1922 ते 1996 या काळात सुमारे दहा हजार बायकांनी बिनपगारी कपडे धुतले. 2013 च्या सरकारी अहवालानुसार त्यातल्या चौथ्या हिश्शाहून अधिक बायकांना सरकारी यंत्रणांनीच तिथे धाडलं होतं, आणि पळालेल्यांना पोलिस परत आणून सोडत. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. पाच वर्षांनी त्याच देशाने धाकाच्या नियंत्रणाविरुद्ध कायदा केला, तो फक्त जोडीदारांपुरता. म्हणजे उद्या तसाच धोबीखाना उघडला तर त्या कायद्याखाली मठाच्या प्रमुखावर काही चालणार नाही. आणि माझ्यासमोर बसलेल्या मुलीचं काय? केअररसाठी हा व्हिसा 2022 च्या फेब्रुवारीत सरकारने उघडला, 2025 च्या जुलैत परदेशातून नवी भरती बंद केली, आणि मधल्या काळात आलेल्यांना नियम असा: नोकरी गेली की साठ दिवस. साठ दिवसांत दुसरा प्रायोजक, म्हणजे सीओएस देणारी दुसरी कंपनी, शोध, नाहीतर विमान. कंपनीने तिला कधी धमकी दिलीच नव्हती. एकदा फक्त मॅनेजर चहा पिताना म्हणाली होती, "होम ऑफिसला (म्हणजे व्हिसा बघणाऱ्या इथल्या गृहखात्याला) एक ईमेल टाकायला मला दोन मिनिटं लागतात." ती दोरी कंपनीने वळलेली नव्हती. सरकारने वळून कंपनीच्या हातात दिली होती.

त्या दिवशी फॉर्म पूर्ण झाला, वकीलबाईंनी पुढची तारीख दिली. जिन्यात ती थांबली. मला म्हणाली, "काका, ते सोडून जाता येतं म्हणून मी सांगितलं, ते बरोबर सांगितलं ना? मॅडमला वाईट नाही ना वाटणार?"

मी म्हटलं, वकीलबाईंना कशाला वाईट वाटेल?

"त्या नाही हो," ती म्हणाली. "आमच्या मॅडम."